घर बदलले, अंडे थांबले!

आठवडे बाजारातून कोणी अंड्यावर आलेली कोंबडी विकत आणतो. "रोज अंडे देते," असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यात खरोखरच एक अंडे मिळते. कदाचित त्यानंतर आणखी एक मिळते. आणि मग अंडी बंद! आठवडा जातो, दहा दिवस जातात. कोंबडी दाणे टिपते, अंगणात फिरते, पण अंड्याचे नाव नाही.

मग घरात तर्क सुरू होतात. आजी म्हणते, दृष्ट लागली. आई म्हणते, जुन्या घराच्या आठवणीने रुसली. वडील म्हणतात, बाजारात फसवले गेलो. आणि पुष्कळदा या वादाचा निकाल रविवारी दुपारी रश्श्याच्या पातेल्यात लागतो.

हा निकाल घाईचा असतो. जिने आणखी वर्षभर अंडी दिली असती, अशी कोंबडी पंधरा दिवसांतच संपते. ज्या घरात चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च भागतो, तेथे हे नुकसान लहान नाही. शिवाय, ज्याने खरे तेच सांगितले त्या विकणाऱ्यावर खोटेपणाचा शिक्का बसतो तो वेगळाच. तेव्हा घर बदलल्यावर कोंबडीच्या शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कोंबडीचा आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण या प्रश्नात काळाचे मापन आहे, प्रकाश आहे, व्यस्त वर्गाचा नियमही आहे. विद्यार्थी मित्रांनो, थोडे पुढे वाचा म्हणजे तुमची खात्री पटेल.

एका अंड्याचा प्रवास

कोंबडीच्या शरीरात अंडाशये दोन असतात, पण त्यांपैकी फक्त डावे पूर्ण वाढते आणि काम करते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अंडाशयात पिवळ्या बलकाचे लहानमोठे गोळे द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले असतात. यांना पुटके म्हणतात. त्यांतील पाच-सहा पुटके मोठी असतात आणि तीही एकाच आकाराची नसतात. एक सर्वांत मोठे, दुसरे त्याहून थोडे लहान, तिसरे आणखी लहान, अशी ती जणू रांगेत उभी असतात. सर्वांत मोठे पुटक फुटले, की त्यातील बलक सुटतो आणि रांगेतील पुढचे पुटक त्याची जागा घेते.

सुटलेला बलक अंडनलिकेत शिरतो. सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक चढतो. नंतर तासा-सव्वातासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात. मग खरे वेळखाऊ काम सुरू होते, ते म्हणजे कवच चढवण्याचे. त्याला सुमारे वीस तास लागतात. एकूण हिशेब २४ ते २६ तासांचा होतो. म्हणूनच कोंबडी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा अंडे देते आणि अधूनमधून एक दिवस खाडा करते. एखाद्या दिवशी अंडे नसले तर काळजीचे काहीच कारण नाही.

हा झाला अंडनलिकेतील प्रवास. पण त्याच्या आधी पुटकाला रांगेत वाढावे लागते. सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचे पुटक पूर्ण वाढून ३५ मिलिमीटरच्या आसपास पोहोचायला सात ते दहा दिवस लागतात. बलकात साठणारे स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यकृतात तयार होतात आणि रक्तातून पुटकाकडे पोहोचवली जातात.

जुन्या घराची बातमी

आता या आकड्यांचा अर्थ लावू. आकाशात तुम्ही व्याधाचा तारा पाहता. त्याचा जो प्रकाश आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरतो, तो साडेआठ वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो. तारा आज कसा आहे हे तो प्रकाश सांगत नाही, तर साडेआठ वर्षांपूर्वी कसा होता ते सांगतो.

अंड्याचेही असेच आहे. आज सकाळी मिळालेल्या अंड्याचे कवच काल दिवसभर आणि रात्री चढले. पण त्यातील बलक त्याआधी आठ-दहा दिवसांपासून भरत होता. म्हणजे आजचे अंडे ही मागच्या आठवड्यातील कोंबडीची बातमी आहे. नव्या घरातील पहिल्या सकाळचे अंडे नव्या घराचे नसतेच, ते जुन्या घराचे असते. बाजारात कोंबडीची किंमत ठरत होती तेव्हा त्या अंड्याला कवच चढत होते. त्यानंतर एखादे अंडे मिळाले तर तेही रांगेत सर्वांत पुढे असलेल्या पुटकाचे, म्हणजे जुन्या घराचेच. विकणाऱ्याने सांगितले ते खोटे नव्हते.

मग रांगेतील उरलेल्या पुटकांचे काय होते? ती वाढत राहतात ती मेंदूच्या हुकमावर. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक संप्रेरक निघते. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते आणि पीयूषिकेतून निघणारी संप्रेरके अंडाशयाला काम करायला लावतात. हा हुकूम क्षीण झाला, की अर्धवट वाढलेली पुटके पुढे वाढत नाहीत. ती सुरकुततात आणि त्यांतील बलक शरीर परत शोषून घेते. संकटकाळी पेरणीसाठी ठेवलेले बियाणे घरातल्यांनी खाऊन जगावे, तसाच हा प्रकार.

पण एकदा बियाणे खाल्ले, की पुढचे पीक हाती येण्यासाठी पुन्हा पेरणीपासून सुरुवात करावी लागते. कोंबडीलाही नवी रांग पहिल्यापासून उभी करावी लागते. म्हणजे तिचा मेंदू आज निर्धास्त झाला, तरी पुढचे अंडे आठ ते अकरा दिवसांनंतरच दिसणार.

हुकूम क्षीण करणारी कारणे मुख्यतः चार आहेत. ती क्रमाने पाहू.

पहिले कारण : भीती

कोंबडी बाजारातून घरी कशी येते, ते आठवा. पाय बांधलेले, डोके खाली, सायकलच्या दांडीला लटकलेली. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट यांना वेगळा करणारा श्वासपटलाचा स्नायू नसतो. उलटे टांगल्यावर पोटातील अवयवांचा भार श्वसनाच्या अवयवांवर पडतो आणि श्वास घेणे जड जाते. भय वाटले, की पक्ष्यांच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचे संप्रेरक रक्तात येते. सरळ धरलेल्या कोंबड्यांपेक्षा उलट्या धरलेल्या कोंबड्यांच्या रक्तात ते अधिक आढळते.

या संप्रेरकाचा शरीराला संदेश असा, की आधी जीव वाचवा, अंड्यांचे नंतर पाहू. साठवलेली शक्ती पळण्यासाठी आणि तग धरण्यासाठी वळवली जाते आणि अंडाशयाकडे जाणारा हुकूम मंदावतो. २००० साली जपानमधील काझुयोशी त्सुत्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाव्हा पक्ष्याच्या मेंदूत पीयूषिकेला रोखणारे एक रसायन शोधून काढले. पुढे ते कोंबडीतही आढळले. म्हणजे अंडी देण्याच्या यंत्रणेला अ‍ॅक्सिलरेटर आहे, तसा ब्रेकही आहे.

भीतीची एक खूण तुम्हाला अंड्यावरही पाहता येते. घाबरलेली कोंबडी तयार झालेले अंडे काही तास आतच धरून ठेवते. त्या अवधीत कवचावर चुन्याचा जादा थर बसतो. असे अंडे बाहेर आले, की त्यावर खडूची पूड फासल्यासारखी दिसते. नव्या घरातील पहिले अंडे असे पांढुरके दिसले, तर प्रवासात कोंबडी भेदरली होती असे समजावे.

दुसरे कारण : पाणी आणि चुना

अंड्याच्या आतील पदार्थात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. अंडी देणारी कोंबडी साधारण हवेत दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पिते. उन्हाळ्यात बरेच जास्त. एक दिवस पाणी मिळाले नाही तरी अंड्यांवर परिणाम होतो. पाणी मिळाले नाही म्हणजे कोणी दिले नाही असेच नव्हे. मोठ्या पोल्ट्रीत नळीच्या टोकाला चोच लावून पाणी पिण्याची सवय झालेल्या कोंबडीला परळात ठेवलेले पाणी लगेच कळत नाही. परळ भरलेले दिसते म्हणून घरची माणसे निश्चिंत असतात आणि कोंबडी तहानलेली राहते.

चुन्याचा हिशेब तर आणखी मजेदार आहे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या सबंध शरीरात कॅल्शियम असते सुमारे वीस ग्रॅम. म्हणजे एका अंड्यामागे ती अंगातील दहावा हिस्सा खर्च करते! हा खर्च रोज भरून निघाला पाहिजे. पोल्ट्रीतील तयार खाद्यात सुमारे पावणेचार टक्के कॅल्शियम असते. दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खाल्ले, तर चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जाते. त्यातील निम्मे जरी अंगी लागले, तरी जमाखर्च जुळतो.

तीच कोंबडी घरी आली आणि तिला नुसती तांदळाची कणी मिळू लागली, तर काय होईल? शंभर ग्रॅम कणीतून एक दशांश ग्रॅमदेखील कॅल्शियम मिळत नाही. कोंबडी काही दिवस हाडांतील साठा मोडून कवच करते. अंडी पातळ कवचाची होऊ लागतात आणि नंतर थांबतात. अंगणात मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी आणि पाला खाऊन थोडीफार भर घालते. तरी वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवणे उत्तम. तिला हवा तेवढा ती स्वतः टिपते.

तिसरे कारण : डोक्यातून शिरणारा प्रकाश

अंधाऱ्या खोलीत पेटवलेला टॉर्च मुठीत धरा. बोटांतून लाल उजेड बाहेर येताना दिसेल. पांढऱ्या प्रकाशातील निळा-हिरवा भाग मांसात आणि रक्तात शोषला जातो, तांबडा भाग बराचसा पार होतो. आता विचार करा, बोटांतून प्रकाश जातो, तर पक्ष्याच्या पातळ कवटीतून का जाऊ नये?

तो खरोखरच जातो. १९३० च्या दशकात झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग केले. डोळ्यांनी न दिसणाऱ्या बदकांवरही जास्त प्रकाशाचा परिणाम होऊन त्यांची प्रजननाची इंद्रिये वाढतात, असे त्याला आढळले. क्वार्ट्‌झच्या दांडीतून मेंदूच्या तळाशी थेट प्रकाश सोडल्यावरही तसेच घडले. पक्ष्यांच्या हायपोथॅलॅमसमध्येच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, हे आता पक्के माहीत झाले आहे. कोंबडी डोळ्यांनी जग पाहते, पण दिवस किती मोठा आहे हे मुख्यतः डोक्याच्या आतून मोजते.

हे मोजमाप कशासाठी? दिवस मोठे होत असले, की पिल्लांना खाणे मिळेल असा ऋतू जवळ येत असतो. दिवस लहान होऊ लागले, की अवघड काळ पुढे असतो. रानातील पूर्वजांकडून आलेले हे पंचांग पाळीव कोंबडीनेही टाकलेले नाही.

व्यापारी पोल्ट्रीत दिवे लावून कोंबड्यांना रोज सुमारे १६ तास उजेड देतात. मुंबईच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. अशी पोल्ट्रीतील कोंबडी डिसेंबरात घरी आणली, तर तिचा दिवस एका रात्रीत पाच तासांनी आखूड होतो! मेंदू समजतो, अवघड काळ आला. अंडी थांबतात, पुष्कळदा पिसेही गळू लागतात. याउलट एका अंगणातून शेजारच्या गावातील दुसऱ्या अंगणात आलेल्या गावठी कोंबडीच्या दिवसात फरक पडत नाही. तिच्या बाबतीत दोष प्रकाशाचा नसून बाकीच्या कारणांचा असतो. मात्र नवे खुराडे अंधारे असेल आणि कोंबडी दिवसभर तेथेच कोंडलेली असेल, तर तिलाही उजेड कमी पडेल.

उजेड किती लागतो? कोंबडीच्या डोक्यापाशी दहा लक्स पुरतात. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. आता एक गणित करू. पाच वॉटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर सुमारे ४५० ल्यूमेन असे छापलेले असते. हा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे मानले, तर दीड मीटर अंतरावर तो ४π × १.५ × १.५ म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर पृष्ठभागावर पसरेल. ४५० भागिले २८ म्हणजे १६ लक्स. अंतर दुप्पट, म्हणजे तीन मीटर केले, तर उरतील फक्त चार. हाच व्यस्त वर्गाचा नियम! एक छोटा बल्ब योग्य उंचीवर टांगला, की काम भागते. पोल्ट्रीतून आणलेल्या कोंबडीला सुरुवातीपासून पहाटे किंवा संध्याकाळी असा जादा उजेड द्यावा आणि वेळा रोज त्याच ठेवाव्यात. कधी दिवा, कधी अंधार असे केल्यास फायद्यापेक्षा गोंधळच अधिक.

चौथे कारण : मानापमान

नव्या घरी आधीच कोंबड्या असतील तर आणखी एक अडचण येते. नॉर्वेचा थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करत असे. १९२२ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक कळपात चोचीने टोचण्याचा ठरावीक क्रम असतो. पहिली कोंबडी सर्वांना टोचू शकते, दुसरी पहिलीला सोडून इतरांना, आणि शेवटची बिचारी सर्वांचे टोचे खाते. एकदा हा क्रम ठरला, की भांडणे कमी होतात.

नवी कोंबडी आली, की ठरलेला क्रम मोडतो. तिला दाण्यापाशी आणि पाण्यापाशी कोणी उभे राहू देत नाही. म्हणजे भीतीचे पहिले कारण रोज नव्याने घडते आणि भुकेचे व तहानेचे दुसरे कारणही त्याला येऊन मिळते. भांडणात जुन्या कोंबड्यांची अंडीही कमी होतात, ती यामुळेच.

यावर उपाय सोपे आहेत. नव्या कोंबडीला पहिले काही दिवस जाळीच्या पलीकडे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंना ओळख होते पण टोच बसत नाही. रोगांच्या दृष्टीनेही नवा पक्षी दोन-तीन आठवडे चांगल्या अंतरावर निराळा ठेवणे शहाणपणाचे. जाळीची ओळख त्यानंतर करून द्यावी. एकत्र केल्यावर दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. एकटीऐवजी दोन कोंबड्या एकदम आणल्या, तर टोचेही वाटले जातात. आपल्याकडे नवी कोंबडी काही दिवस डालग्याखाली झाकून ठेवण्याची रीत आहे. तिला जागा ओळखीची होते, इतरांचा त्रास होत नाही आणि ती भटकतही नाही. जुन्या माणसांची ही रीत शास्त्राला धरूनच आहे. मात्र डालग्याखाली पाणी हवे आणि उजेडही हवा.

वाट किती पाहावी?

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. नव्या जागेत रुळायला साधारण एक आठवडा. नवी पुटके वाढून अंडे बाहेर यायला आठ ते अकरा दिवस. बेरीज होते दोन ते तीन आठवडे. म्हणून तीन आठवड्यांच्या आत कोंबडीचा निकाल लावणे म्हणजे पेपर तपासण्याआधीच विद्यार्थ्याला नापास करणे होय.

या काळात घाईने उपाय बदलू नयेत. सोमवारी खाद्य बदलले, बुधवारी खुराडे हलवले आणि शुक्रवारी अंडे नाही म्हणून पुन्हा काही वेगळे केले, तर प्रत्येक बदल कोंबडीला नवीन घरासारखाच वाटतो. आज केलेल्या सुधारणेची बातमी अंड्याच्या रूपाने पुढच्या आठवड्यानंतर येणार आहे, हे विसरू नये.

तीन आठवड्यांनंतरही अंडे दिसले नाही, तर इतर कारणे तपासावीत. पहिली शक्यता म्हणजे कोंबडी अंडी देत असेल, पण कुंपणात किंवा लाकडांच्या ढिगामागे! खुराड्यात गवत घालून त्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत दगड ठेवला, तर तिला जागा पटते. पिसे गळत असतील, तर दोन-तीन महिने थांबावे लागेल. खुडूक झालेली कोंबडी अंड्यावर बसून राहते आणि हात लावू देत नाही. ती ओळखणे सोपे आहे. शिंका, हिरवट विष्ठा, मान वाकडी होणे अशी लक्षणे असतील, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

एक सोपी परीक्षा जुनी जाणती माणसे करतात. शेपटीखाली दोन बाजूंना हाडांची टोके हाताला लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावतात, अंडी थांबलेल्या कोंबडीत एक बोट जेमतेम बसते. तुराही पाहावा. अंडाशय काम करू लागले, की फिकट, आक्रसलेला तुरा पुन्हा लाल आणि टपोरा होतो. अंड्याच्या आधीच ही बातमी तुऱ्यावर वाचता येते.

करून पाहा

तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी नवी कोंबडी आली, तर एका वहीत पाच रकाने आखा : तारीख, अंडे मिळाले की नाही, अंड्याचे वजन व कवचाचे रूप, तुऱ्याचा रंग, आणि दिवसभरात संपलेले पाणी. पाणी मोजण्यासाठी सकाळी मापाने भरा आणि संध्याकाळी उरलेले मोजा. तसेच पाण्याचे एक भांडे कोंबडीला पोहोचता येणार नाही अशा जागी शेजारीच ठेवा. त्यात जेवढी घट होईल तेवढी बाष्पीभवनाची, ती वजा करा. एक महिना नोंदी ठेवून आलेख काढा. पाणी आधी वाढते, तुरा आधी लाल होतो, की अंडे आधी येते? त्यांच्यामध्ये किती दिवसांचे अंतर पडते?

शिक्षकांना हा प्रकल्प वर्गात सहज घेता येईल. चार-पाच घरच्या नोंदी एकत्र केल्या, तर गावठी आणि पोल्ट्रीतील कोंबड्यांची तुलनाही करता येईल. आणि घरात पुन्हा कधी दृष्ट, रुसवा आणि फसवणूक यांवर वाद सुरू झाला, तर वही पुढे करून म्हणता येईल, "आणखी नऊ दिवस थांबा."